दोन बहिणी, एक खुरपं आणि चाळीस एकर जंगल

मंडळी, पावसाळा जवळ आला की आपल्याकडे वीकेंडला टेकडीवर जाऊन श्रमदान करायची लाट येते. चांगलीच गोष्ट आहे. हातमोजे, घाणेरी उपटतानाचे फोटो, शेवटी चहा-वडापाव... पण वर्षभराने त्याच जागी जाऊन बघा. बऱ्याचदा घाणेरी पुन्हा हजर, आणि या वेळी सोबत गाजरगवतही! असं का होतं, याचं एक झकास उत्तर सिडनीमधल्या दोन बहिणींनी १९६० च्या दशकात शोधलं होतं. आजचा लेख त्यांच्याबद्दल.

एलीन ब्रॅडली (१९११-१९७६) आणि जोन ब्रॅडली (१९१६-१९८२) सिडनी बंदराच्या उत्तर किनाऱ्यावर, मॉसमन भागात राहायच्या. जवळच टारोंगा प्राणिसंग्रहालयाला लागून अॅश्टन पार्क नावाचं राखीव जंगल आहे. ते ज्या भूशिरावर आहे त्याचं नाव ब्रॅडलीज हेड, पण ते नाव या बहिणींवरून नाही. १७८८ मध्ये इंग्रजांचा पहिला ताफा तिथे पोचला, त्यातल्या विल्यम ब्रॅडली या आरमारी अधिकाऱ्यावरून आहे. निव्वळ योगायोग :-)

दोघी मूळच्या निरीक्षक. 'रेन' नावाच्या चिमुकल्या निळ्या पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी अडकवून त्यांनी त्यांच्या सवयी टिपल्या होत्या आणि १९५८ मध्ये त्यावर लेखही प्रसिद्ध केला होता. म्हणजे रोज तीच जागा बघायची आणि घाई करायची नाही, ही सवय आधीपासूनच होती.

अॅश्टन पार्कमध्ये तेव्हा बाहेरून आलेल्या तणांनी हातपाय पसरले होते. त्यात आपली ओळखीची घाणेरीसुद्धा. (ही मूळची अमेरिका खंडातली. शोभेचं झुडूप म्हणून जगभर नेली गेली, भारतातही इंग्रजांच्याच काळात आली.) यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे जिथे तण सगळ्यात दाट, तिथे माणसं घालायची आणि सगळं साफ करून टाकायचं. दिसायला छान. पण उघड्या मातीवर भरपूर ऊन पडतं, मातीत पडून असलेलं तणाचं बी तेवढ्याचीच वाट बघत असतं, आणि पुढच्या हंगामात तण दुप्पट जोमाने येतं.

रोज फिरायला जाताना थोडं थोडं तण काढत दोघींनी याच्या बरोबर उलटी पद्धत बसवली. तिचे नियम तीन. पहिला, सुरुवात चांगल्या भागापासून. जिथे देशी झाडोरा जवळजवळ धड आहे, तिथले चार-दोन परके रोप आधी काढायचे आणि मग हळूहळू खराब भागाकडे सरकायचं. दुसरा, माती कमीत कमी हलवायची आणि पालापाचोळा परत जागेवर पसरायचा. तिसरा नियम सगळ्यात अवघड: काढलेल्या जागी देशी रोपं आपली आपण उगवून येईपर्यंत पुढे जायचं नाही. कामाचा वेग आपण नाही, जंगलाने ठरवायचा.

हत्यारं म्हणाल तर खुरपं, कात्री असली हातातली. जवळजवळ ४० एकरांचं रान त्यांनी असं तणमुक्त केलं, आणि त्यानंतर वर्षातून एक-दोनदा ओढ्याकाठी, रस्त्याकडेला नजर टाकली की पुरायचं. १९७१ मध्ये त्यांनी या पद्धतीवर पुस्तिका काढली. १९७६ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्टने हे काम हाती घेतलं, आणि आज सिडनीच्या कितीतरी उपनगरांत रहिवाशांचे गट आपापल्या बागेत, ओढ्याकाठी हेच करतात.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळावं. चालू सिस्टीम एका रात्रीत पाडून नव्याने लिहायची की चालत्या भागाला धक्का न लावता एकेक मॉड्यूल सुधारत जायचं? पहिल्यात डेमो झकास होतो, दुसऱ्यात प्रॉडक्शन टिकतं.

पद्धतीवर टीकाही झाली. दाट तणात ती फार हळू चालते, म्हणून पुढच्या लोकांनी घाणेरी कापून लगेच बुंध्याला तणनाशक लावायला सुरुवात केली. तिथल्या काही झाडांचं बी आगीनंतरच रुजतं, त्यांना नुसती शांतता पुरत नाही. आणि गंमत म्हणजे, दुसरा आडोसा नसेल तर तेच छोटे रेन पक्षी घाणेरीच्या जाळीत आसरा घेतात! म्हणून ती टप्प्याटप्प्याने काढतात.

आपल्याकडे सिडनीचे नियम जसेच्या तसे चालणार नाहीत. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि झुडपांच्या. त्यांना 'ओसाड' समजून मागे गिरिपुष्प लावलं गेलं, आणि आज काही उतारांवर त्याच्याखाली दुसरं फारसं दिसत नाही. मे महिन्यात घाणेरी नुसती वरून छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. आणि उतार पूर्ण उघडा केला तर पहिल्या जोरदार पावसात माती खाली, गाजरगवत वर. एकदा माती गेली की पावसाळ्यातली ती इवली इवली रानफुलंही गेली. ती कुठल्या नर्सरीत मिळत नाहीत.

तेव्हा पुढच्या श्रमदानाला जाल तेव्हा आयोजकांना तीनच प्रश्न विचारा. वनखात्याची किंवा पालिकेची परवानगी आहे का? देशी रोप कुठलं आणि तण कुठलं, हे ओळखणारा माणूस सोबत आहे का? आणि याच तुकड्यावर पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी कोण येणार आहे? तिसऱ्याचं उत्तर 'बघू' असेल, तर निम्मीच जागा घ्या. किंवा पाव. जेवढी सांभाळता येईल तेवढीच.

हातमोजे मात्र विसरू नका, गाजरगवताने अंगाला भयंकर खाज सुटते.