ओहमचा नियम

घरातील विजेच्या शेगडीतून २३० व्होल्ट दाबाखाली ५ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर दाबास प्रवाहाने भागून तिचा रोध ४६ ओहम येतो आणि दोहोंच्या गुणाकाराने शक्ती ११५० वॅट निघते. हे सोपे गणित ज्याच्यामुळे शक्य झाले, तो गेओर्ग ओहम कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा व कोलोन येथील शिक्षक होता. तत्कालीन विद्युत्‌घटांचा दाब सारखा ढळे. म्हणून त्याने १८२६ साली बिस्मथ व तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून स्थिर दाब मिळविला. मग निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसूचीवरून प्रवाह मोजला, आणि नियम हाती आला.

१८२७ मधील त्याचा ग्रंथ मात्र मायदेशी उपेक्षिला गेला. त्याने नोकरी सोडली व पुढील काही वर्षे ओढग्रस्तीत काढली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कॉप्ले पदक दिले. म्युनिकचे प्राध्यापकपद लाभले ते १८५२ साली, मृत्यूच्या अवघी दोन वर्षे आधी. १८८१ च्या पॅरिस परिषदेने रोधाच्या एककासाठी ‘ओहम’ हे नाव स्वीकारले. ज्याच्या मोजमापाकडे स्वकीयांनी पाठ फिरविली, त्याचेच नाव आता जगाच्या मापात आहे.