ड्रायव्हर एक, कामं दोन : २०१५ चा ओव्हरक्लॉकिंगचा वाद

आजची गोष्ट फार जुनी नाही, २०१५ ची आहे. पण पैसे मोजून घेतलेला लॅपटॉप खरंच आपला असतो का, हा प्रश्न तिच्यात दडलाय. म्हणून ती सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. ग्राफिक्स चिप आणि विंडोज यांच्यातला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. डेस्कटॉपवाले तो थेट चिप कंपनीकडून घ्यायचे. लॅपटॉपवाल्यांना मात्र लॅपटॉप कंपनी देईल त्यावर भागवावं लागायचं, आणि तो बऱ्याचदा जुना असायचा. डिसेंबर २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपसाठीही थेट ड्रायव्हर द्यायला सुरुवात केली.

या एका ड्रायव्हरकडे दोन कामं. एक, चिपचा वेग सांभाळणं. तो ठरलेल्या मर्यादेपुढे नेला की झालं ओव्हरक्लॉकिंग. दुसरं, व्हिडिओ. चिपमध्ये व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग असतो. प्लेअर ड्रायव्हरमार्फत त्याला काम देतो, म्हणून सिनेमा बघताना प्रोसेसरवर फार ताण येत नाही.

आता गंमत बघा. वेग वाढवला म्हणून सिनेमा जास्त छान दिसत नाही. उलट वेग झेपला नाही तर? व्हिस्टापासून विंडोजचा नियम असा, की चिपने साधारण २ सेकंद उत्तर दिलं नाही तर ड्रायव्हर रीसेट. स्क्रीन काळी, आणि गेमसोबत व्हिडिओही अडकू शकतो.

२०१५ च्या सुरुवातीला ३४७.२९ हा ड्रायव्हर आला आणि जीफोर्स ९०० एम चिपच्या लॅपटॉपवरचं ओव्हरक्लॉकिंग बंद झालं. कंपनीचं म्हणणं, ही सोय मुळात द्यायचीच नव्हती, चुकून राहिली होती. लोक भडकले. फेब्रुवारीत कंपनीने माघार घेतली : पुढच्या महिन्यात सोय परत देऊ, तोवर जुना ३४४.७५ वापरा.

पण जुना ड्रायव्हर म्हणजे व्हिडिओच्या नव्या दुरुस्त्यांवर पाणी. आणि वेळ कोणती? त्याच जानेवारीत यूट्यूबने फ्लॅश बाजूला ठेवून एचटीएमएल ५ प्लेअर मुख्य केला होता. ब्राउझर आणि ड्रायव्हरचं जमणं आता जास्तच गरजेचं झालं होतं.

मला विचाराल तर उष्णतेची भीती खोटी नव्हती. कित्येक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकाच तांब्याच्या नळीवर थंड होतात. पण आधी न सांगता सोय काढून घेणं मला पटत नाही.

मग मधला मार्ग? वाढवलेला वेग फक्त गेमपुरता, सिनेमा लावताना मूळ वेग. चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल जपून ठेवा. ड्रायव्हर आणि वेग एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर दोष कुणाचा ते कळणारच नाही.

आणि फोनवर असो की लॅपटॉपवर, अपडेट दाबण्याआधी बदलांची यादी वाचा. काय मिळतंय ते तिथे ठळक असतं. काय जातंय ते आपणच शोधायचं. भेटू पुढच्या भागात!