नऊजणी

संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव पावसा म्हटलं की जुन्या माणसांना पवळा आठवते. फडात बाईचं काम पूर्वी नाच्या पोऱ्या करायचा. तिथं स्वतः उभी राहिलेल्या पहिल्या बायांत पवळाचं नाव घेतात. पुढं पठ्ठे बापूरावांच्या फडात ती मुंबईपर्यंत गाजली. नंतर संगमनेरात राहिलेल्या कांताबाई सातारकरांनी उलटं करून दाखवलं, पुरुषांच्या भूमिका केल्या, अगदी शिवाजी महाराजांचीसुद्धा. २०२१ साली त्या गेल्या. तालुक्याला या दोघींचा अभिमान, पण भाषणापुरता. घरातली सून स्टेजवर जाते म्हटलं की लोकांच्या तोंडी तमाशा हा शब्द शिवीसारखाच यायचा.

त्यात आम्ही 'मुलगी झाली हो' करायला घेतलं. ज्योती म्हापसेकरांनी १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेसाठी लिहिलेलं हे नाटक. पडदा नको, सेट नको. गाणी आणि बायकांचा जथा, एवढ्यावर ते कुठंही उभं राहतं, म्हणूनच ते गावोगाव गेलं. नवरा, सासरा सगळं बायकाच.

आमच्या बचत गटातल्या नऊजणी धारा काढून, भाकरी उरकून रात्री शाळेच्या खोलीत जमायच्या. "तमाशातल्या बायांगत नाचणार का आता?" मामांनी विचारलं. मी काही बोलले नाही. पण सरपंचांची भावजय, तालमीवाल्यांची सून, शाळेतल्या बाई, सगळ्याच निघाल्या म्हटल्यावर कुणा एकीला धरून बोलायचं कसं? एकटीला गावानं घरी बसवलं असतं. नवऱ्याचं काम मात्र कुणी घेईना. धोतर नेसायची लाज. शेवटी चिठ्ठी टाकली, ती माझ्या नावाची निघाली.

ढोलकीला फडात आयुष्य काढलेले एक बाबा आले. आमचं पहिलं गाणं ऐकून म्हणाले, "नऊजणी मिळून गाताय, म्हंजे सोपं हाय तुमचं. आमच्या बायांला हजार माणसांपुढं एकलीला उभं ऱ्हावं लागतं." बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं.

पहिला प्रयोग मारुतीच्या पारावर झाला. मुलगी झाल्याचं ऐकून मी तोंड वाकडं केलं, तर पुरुष खदाखदा हसले. बायका हसल्या नाहीत. आमच्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८८४ मुली होत्या, २०११ ला ८५२. या दहा वर्षांत ऊस वाढला, बंगले वाढले, सोनोग्राफीची मशिनं आली. नाटकानं आकडा वाढत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण तिसरी मुलगी मांडीवर घेऊन बसलेली एक पोरगी प्रयोगानंतर मागं थांबली आणि विचारलं, "वहिनी, तालमीला मी आले तर चालंल का?" पुढच्या प्रयोगाला आम्ही दहाजणी होतो.

तो प्रयोग शेजारच्या गावच्या जत्रेत झाला. पटांगणाच्या दुसऱ्या कडेला तमाशाचा तंबू, रात्रीच्या खेळाची तयारी चाललेली. माझा पटका सारखा सुटायचा. तिथली एक बाई पाणी भरायला आली होती. तिनं हंडा खाली ठेवला, पटक्याचं एक टोक माझ्या दातांत धरायला दिलं, घट्ट पीळ देत बांधला आणि म्हणाली, "आता मान हलव बिनधास्त."