केटरिंगच्या शाळेतील आकाशश्रवण

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर बखरी, सनदा आणि दफ्तरखाने उभे राहतात. परंतु विसाव्या शतकातील एका राजकीय रहस्याचा भेद झाला तो रेडिओवर ऐकू येणाऱ्या क्षीण 'बीप बीप' आवाजावरून. आणि तो केला इंग्लंडमधील केटरिंग ग्रामर स्कूलचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक जेफ्री पेरी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी.

4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि त्याचे संकेत जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी घरबसल्या ऐकले. पेरींचे सहकारी, रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर, हे त्या पंथातलेच. त्यांच्या रेडिओसंचावर शाळेत उपग्रह ऐकण्यास आरंभ झाला, तो डॉप्लर परिणाम शिकविण्याच्या निमित्ताने. आगगाडी समोरून निघून जाताना तिच्या शिटीचा स्वर एकाएकी उतरतो, तशीच उपग्रहाच्या लहरींची कंप्रता उतरते. ती सर्वांत झपाट्याने उतरते, तेव्हा उपग्रह आपल्या सर्वांत निकट असतो. असे क्षण नित्य टिपत गेले की त्याच्या प्रदक्षिणेचा काळ हाती येतो. त्यासाठी लागते घड्याळ, वही आणि चिकाटी. ती शाळेत होती.

17 मार्च 1966 रोजी कॉसमॉस 112 सुटला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी 72 अंशांचा कोन करीत होती. त्या जातीच्या पूर्वीच्या उपग्रहांची 65 किंवा 52 अंशांचा करी. ऑक्टोबरात आलेल्या कॉसमॉस 129 चा कोन 65 अंशांचाच, पण त्याच्या वेळा बैकनूरहून उड्डाण झाले असे मानता जुळेनात. दोघांचे मार्ग मागे नेता ते एकमेकांना छेदत होते मॉस्कोच्या उत्तरेस, प्लेसेत्स्कजवळ. तेथे नवे उड्डाणकेंद्र असल्याचे वर्षअखेरीस जाहीर झाले. अमेरिकी हेरखात्याला ते स्थळ आधीच ठाऊक होते, हे खरे. पण ठाऊक असणे निराळे आणि चारचौघांत सांगणे निराळे. पेरींचे श्रेय मी दुसऱ्या गोष्टीचे मानतो. सोव्हिएत सरकारने प्लेसेत्स्कचे अस्तित्व मान्य केले ते 1983 मध्ये!

आज गुप्ततेहून गर्दीची अडचण मोठी आहे. 15 फेब्रुवारी 2017 रोजी भारताच्या एकाच अग्निबाणाने 104 उपग्रह सोडले. रडारला दिसतात ते नुसते ठिपके. दाखल क्रमांक पडलेला, पण मुखपृष्ठ फाटलेला ग्रंथ ग्रंथपालापुढे यावा, तशी ही स्थिती. अशा वेळी हौशी श्रोता संकेताच्या कंप्रतेचा उतार नोंदतो आणि प्रत्येक ठिपक्याच्या कक्षेवरून काढलेल्या उताराशी ताडून पाहतो. जुळेल तो उपग्रह आपला. 22 जून 2016 रोजी 20 उपग्रहांच्या अशाच एका उड्डाणात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा, जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' होता. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप इकडून तिकडे पोचविणे हेच त्याचे योजलेले काम.