हायड्रोजनी किण्वन : धातू-आयनांचा परिणाम

ऑक्सिजन व प्रकाश यांच्या अभावी शर्करेचे किण्वन करताना क्लॉस्ट्रिडियम, एंटेरोबॅक्टर इ. प्रजातींतील सूक्ष्मजंतू हायड्रोजन वायू बाहेर टाकतात. ग्लुकोजाच्या एका मोलपासून ॲसिटिक अम्ल बनले तर जास्तीत जास्त ४ मोल हायड्रोजन मिळतो, ब्युटिरिक अम्ल बनले तर २. प्रत्यक्ष उतारा बहुधा याहून कमी पडतो आणि त्यात माध्यमातील धातू-आयनांचा वाटा मोठा असतो.

लोह : सर्वांत महत्त्वाचा धातू. पायरुव्हिक अम्लाच्या विघटनात सुटलेले इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन हे लोह-गंधकयुक्त प्रथिन हायड्रोजनेज या एंझाइमाकडे पोहोचवते. तेथे प्रोटॉनांशी त्यांचा संयोग होऊन हायड्रोजन बनतो. हायड्रोजनेज हे नाव स्टीफन्सन व स्टिकलंड यांनी १९३१ मध्ये दिले. फेरेडॉक्सिनाचा शोध १९६२ मध्ये क्लॉ. पाश्चरियानम या जातीत लागला. तिच्याच हायड्रोजनेजाची स्फटिकरचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या एका रेणूत लोहाचे २० अणू असतात : ६ क्रियास्थानी, तर १४ इलेक्ट्रॉन वाहून आणणाऱ्या चार गुच्छांत.

लोह तुटपुंजे झाले तरी जंतू लगेच मरत नाही. चयापचयाची वाट बदलतो. क्लॉ. वेल्चाय (आताची क्लॉ. परफ्रिंजेन्स) लोहाअभावी मुख्यतः लॅक्टिक अम्ल बनवते, हे पापेनहायमर व शास्कन यांनी १९४४ मध्ये दाखविले. क्लॉ. पाश्चरियानम अशा वेळी फेरेडॉक्सिनाचे काम फ्लेव्होडॉक्सिन या लोहरहित प्रथिनावर भागवते. त्यामुळे वाढीला पुरणारे लोह वायूलाही पुरेल असे धरता येत नाही. जंतूंच्या वाढीचे मापन न देता केवळ वायूचे घनफळ देणारे अहवाल म्हणूनच अपुरे ठरतात.

इष्ट लोहमात्रेबाबत एकमत नाही. शिफारशी लिटरला काही मिलिग्रॅमपासून शेकडो मिलिग्रॅमपर्यंत जातात. जंतूंचा स्रोत म्हणून शुद्ध जातीऐवजी सांडपाण्याचा गाळ वापरला तर त्यात लोह मुळातच असते. शिवाय त्यात सल्फाइड असल्यास फेरस सल्फेट टाकताच मिश्रण काळे पडते; म्हणजे घातलेल्या लोहाचा काही भाग अविद्राव्य सल्फाइड होऊन तळाशी जातो व जंतूंना सहज मिळत नाही.

निकेल : एश्चेरिकिया कोलाय फॉर्मिक अम्लापासून हायड्रोजन बनवतो, त्याचे संबंधित हायड्रोजनेज निकेल-लोहयुक्त असून जोडीच्या फॉर्मेट डीहायड्रोजनेजात मॉलिब्डेनम व सेलेनियम असतात. क्लॉस्ट्रिडियममधील प्रमुख हायड्रोजनेजाला निकेल लागत नाही. मिश्र गाळात निकेल घातल्यावर वायू वाढला, तरी तो कोणत्या जंतूमुळे हे त्यावरून सांगता येत नाही.

मॅग्नेशियम : ग्लुकोज-विघटनातील अनेक एंझाइमांना आवश्यक.

सोडियम : जास्त झाल्यास बाधक.

विषारी धातू : दाणेदार गाळावरील चाचण्यांत तांबे सर्वांत घातक व शिसे सर्वांत सौम्य आढळले. शिशाचा बराच भाग अवक्षेपित होत असल्याने हा क्रम जपूनच वापरावा.

भारतातील संशोधन : खरगपूरच्या आयआयटीत एंटेरोबॅक्टर क्लोएकीवर, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून हायड्रोजन मिळविण्यावर काम झाले आहे.