आतिथ्यविद्येचा विद्यापीठप्रवेश

हॉटेल चालविण्यास विद्यापीठाची पदवी कशाला पाहिजे, हा प्रश्न शिष्ट मंडळींत आजहि हंसत हंसत विचारला जातो. ज्या विषयाची थट्टा होते त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं, व जो लिहिला जातो तो बहुधा त्या धंद्यांतील धनिकांच्या गौरवासाठीं लिहिलेला असतो. त्यामुळें असा समज दृढ झाला आहे कीं, हॉटेलांच्या मालकांस शिकलेले नोकर हवे होते, त्यांनीं पैसा दिला, आणि विद्यापीठांनीं वर्ग उघडले. हा समज सर्वस्वीं खोटा नाहीं. परंतु तो अर्धा आहे. उरलेलें अर्धें सत्य असें कीं, ही विद्या विद्यापीठांत शिरली ती दर्शनी दरवाजानें नव्हे, तर स्वयंपाकघराच्या मागील दारानें. आणि तें दार स्त्रियांनीं उघडलें होतें. या म्हणण्यास आधार काय, तें प्रस्तुत लेखांत क्रमानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्या घरचें पाहूं. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लींत आचार्य अध्ययन संपविलेल्या शिष्यास निरोप देतांना जो उपदेश करतात, त्यांत अतिथीस देव मानण्याची आज्ञा आहे. ही आज्ञा समावर्तनाच्या, म्हणजे आजच्या भाषेंत पदवीदानाच्या प्रसंगाची आहे. आतिथ्य हें अध्ययन संपल्यावर आचरण्याचें व्रत होतें. अध्ययनाचा विषय नव्हतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील नागरिकाच्या प्रकरणांत धर्मशाळा सांभाळणारांनीं वाटसरूंची वर्दी द्यावी असा नियम असून, शिजलेला भात व मांस विकणारांचाहि तेथें उल्लेख आहे. म्हणजे पैसे घेऊन अन्न देण्याचा धंदा तेव्हांहि होता, व राजसत्तेची त्यावर नजर होती. बाराव्या शतकांतील सोमेश्वराच्या मानसोल्लासांत अन्नभोगाचें सविस्तर वर्णन आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रघुनाथ गणेश नवहस्त यांनीं भोजनकुतूहल हा ग्रंथ रचिला. पेशव्यांच्या मुदपाकखान्याची थोरवी तर वाचकांस सांगावयास नको.

एवढी सामग्री असतांहि पाकशाळेची पाठशाळा झाली नाहीं. ग्रंथ पंडितानें लिहावा, चूल आचाऱ्यानें पेटवावी, आणि दोघांची गांठ पंगतीपलीकडे पडूं नये, अशी ही विभागणी होती. आचाऱ्याचें ज्ञान हाताहातांतून मुलाकडे जाई. तें बहुधा कागदावर येत नसे, व जें कागदावर येई तें आचाऱ्यासाठीं नसे. छापखान्यानें यांत थोडा पालट केला. १८७५ मध्यें सूपशास्त्र हें पुस्तक मराठींत निघालें, आणि १९१० मध्यें लक्ष्मीबाई धुरंधर यांचा गृहिणी-मित्र प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या पुस्तकाची लेखिका स्त्री आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां पश्चिमेकडे वळूं. हॉटेलच्या धंद्यासाठीं स्वतंत्र शाळा निघण्याचा मान सामान्यतः स्वित्झर्लंडांतील लोझान शहरास दिला जातो. आल्प्स पाहण्यास येणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाढत गेली, व त्यांची बडदास्त राखणारीं शिकलेलीं माणसें मिळेनात. तेव्हां झाक् चुमी या हॉटेल-व्यावसायिकाच्या खटपटीनें १८९३ मध्यें, लोझानच्या उशी नांवाच्या सरोवरकांठच्या भागांतील एका हॉटेलांत शाळा सुरू झाली. ही शाळा धंद्याची होती व धंदेवाल्यांनीं चालविली. तिची कीर्ति जगभर झाली. तथापि उच्च शिक्षणाच्या सरकारी पंक्तींत तिला स्थान मिळण्यास १९९८ साल उजाडावें लागलें. शंभरांहून अधिक वर्षें जी संस्था आपल्या क्षेत्रांत अग्रगण्य होती, तिला ही पंक्ति इतकी दूर कां रहावी? कारण तिच्यापाशीं धंद्याची सोय होती, पण विद्यापीठांत शिरण्याचें दार नव्हतें.

तें दार अमेरिकेंत सांपडलें. न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्नेल विद्यापीठांत १९२२ मध्यें हॉटेल-व्यवस्थापनाचा चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला, व हॉवर्ड बॅग्ली मीक हे त्याचे प्रमुख झाले. अमेरिकन हॉटेल-चालकांच्या संघानें द्रव्य दिलें, हें खरें. परंतु हा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या कोणत्या शाखेंत बसला, तें पाहिलें म्हणजे प्रश्नाचें स्वरूप बदलतें. तो वाणिज्यशाखेंत बसला नाहीं, अभियांत्रिकींत बसला नाहीं. तो बसला गृहशास्त्राच्या शाखेंत. ही शाखा मार्था व्हॅन रेन्सेलर व फ्लोरा रोझ या दोन विदुषींनीं विसाव्या शतकाच्या आरंभापासून नेटानें उभी केली होती. शेतकऱ्यांच्या बायकांस आरोग्य, आहार व घरखर्च यांचें ज्ञान पत्रिकांच्या द्वारें पोंचविण्यापासून त्या कार्याचा आरंभ झाला. अन्न शिजविणें हा रसायनाचा, पोषणाचा व हिशेबाचा विषय होऊं शकतो, हें विद्यापीठाच्या सभांतून त्यांस पुनःपुन्हां सिद्ध करावें लागलें. तें सिद्ध झालेलें होतें म्हणूनच १९२२ मध्यें मीक यांस तयार जागा मिळाली.

घर आणि हॉटेल यांत फरक संख्येचा आहे. अन्न, बिछाना, स्वच्छता व जमाखर्च हीं चारी अंगें दोहोंकडे तींच. घराचें शास्त्र मान्य झाल्यावर हॉटेलचें शास्त्र नाकारणें विद्यापीठास कठीण गेलें. पुढें मीक यांनीं त्यास हॉटेलच्या यंत्रसामग्रीची व हिशेबाची जोड दिली. १९२६ मध्यें विद्यार्थ्यांनीं एका दिवसापुरतें हॉटेल स्वतः चालवून दाखविण्याचा उपक्रम आरंभिला. एल्सवर्थ स्टॅट्लर हा त्या काळचा नाणावलेला हॉटेल-मालक. महाविद्यालयीन शिक्षणावर त्याचा विश्वास नव्हता. १९२७ चा उपक्रम पाहून त्याचें मत फिरलें. तो १९२८ मध्यें वारला, पण त्याच्या निधींतून १९५० मध्यें त्याच्या नांवाची इमारत उभी राहिली. याच सुमारास हॉटेल-शाखा गृहशास्त्रापासून विभक्त होऊन स्वतंत्र झाली. इमारतीवर धनिकाचें नांव राहिलें; ज्या शाखेच्या कुशींत हा विषय अठ्ठावीस वर्षें वाढला, तिचें नांव धंद्याच्या इतिहासांतून पुसट झालें. यांत कोणाची लबाडी नाहीं. देणगीचा शिलालेख होतो, आसऱ्याचा होत नाहीं, एवढेंच.

आतिथ्याची ही शाखा एकीकडे वाढत असतां पर्यटनाची मीमांसा दुसरीकडून येत होती. रॉबर्ट ग्ल्यूक्समन यांनीं १९२९ मध्यें बर्लिनच्या वाणिज्य-महाविद्यालयांत पर्यटनाच्या संशोधनासाठीं संस्था काढली. नाझी सत्तेखालीं ती बंद पडली, आणि ग्ल्यूक्समन हे ज्यू असल्यामुळें १९४२ मध्यें त्या राजवटीच्या संहारास बळी पडले. परकी माणसाच्या स्वागताचें शास्त्र रचणाऱ्या पंडितास त्याच्याच देशानें परका ठरविलें, यावर अधिक लिहिण्याची गरज नाहीं. १९४१ मध्यें स्वित्झर्लंडांत बर्न व सेंट गॅलन येथें अशा संस्था निघाल्या, व १९४२ मध्यें हुंझिकर आणि क्राप्फ या दोघांनीं या शास्त्राचा मूलग्रंथ प्रसिद्ध केला. परस्थ माणसाचा प्रवास व मुक्काम यांपासून जे संबंध उत्पन्न होतात त्या सर्वांस मिळून त्यांनीं पर्यटन म्हटलें. मात्र तो मुक्काम कायमचा नसावा व कमाईसाठीं नसावा अशी मर्यादा घातली. युद्धामुळें प्रवासी येणें जवळजवळ थांबलें असतांना हें शास्त्र सिद्ध झालें.

आतां भारताकडे येऊं. १९४५ मध्यें हिंदुस्थान सरकारनें पर्यटनाच्या वाढीचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. तिचे अध्यक्ष सर जॉन सार्जंट हे सरकारचे शिक्षणविषयक सल्लागार होते, आणि समितीचा अहवाल १९४६ मध्यें आला. शिक्षणाच्या अधिकाऱ्याकडे पर्यटन सोंपविलें गेलें, यावरून भारतांतील या शिक्षणाचें मूळ त्या समितींत शोधण्याचा मोह होतो. परंतु भारतांतील पहिली संस्था निघाली ती निराळ्याच कुळांतून. १९५४ मध्यें मुंबईस अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेनें लीलावती मुनशी यांच्या नेतृत्वाखालीं ही संस्था स्थापिली; प्रथम ती अंधेरीस होती, पुढें दादरला आली.

तो काळ रेशनिंगचा होता. धान्य परदेशांतून आणावें लागे, तांदूळ व गहूं वांचविणें हें देशकार्य समजलें जाई. परिषदेनें अन्नपूर्णा नांवाचीं उपाहारगृहें चालविलीं. स्वस्त, पौष्टिक व धान्य वांचविणारें अन्न लोकांस द्यावें हा त्यांतील हेतु. अशीं उपाहारगृहें चालवावयाचीं तर शिकलेलीं माणसें हवींत. या गरजेंतून शाळा काढण्याची कल्पना निघाली असावी, असें आमचें अनुमान आहे. अनुमानास बळकटी देणारा पुरावा संस्थेच्या नांवांतच आहे. हॉटेल-व्यवस्थापन व भोजनव्यवस्था यांच्या जोडीला त्या नांवांत उपयोजित पोषणशास्त्र हें तिसरें पद आहे. केवळ पंचतारांकित हॉटेलांसाठीं निघालेल्या शाळेस पोषणाचें पद कशास लागतें? ताम्रपटांतील गांवाच्या जुन्या नांवाप्रमाणें हें पद मूळ हेतूची साक्ष देत आहे.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर ही परंपरा आणखी मागें नेतां येते. १९१६ मध्यें धोंडो केशव कर्वे यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें, तेव्हां गृहजीवनाच्या शास्त्रास अभ्यासक्रमांत मानाचें स्थान दिलें. दिल्लीचें लेडी अर्विन महाविद्यालय १९३२ चें, आणि हंसा मेहता यांच्या कुलगुरुपदाच्या काळांत बडोद्यास निघालेली गृहविज्ञानशाखा त्यानंतरची. स्त्रियांस चुलीशीं बांधून ठेवणारें शिक्षण अशी या विषयाची निंदा झाली, आणि ती सर्वथा निराधार नव्हती. परंतु तिचें दुसरें फळ निंदकांच्या लक्षांत आलें नाहीं: चुलीचें ज्ञान परीक्षेस बसण्याजोगें आहे, ही गोष्ट या शिक्षणानें समाजाच्या अंगवळणीं पाडली.

पुढील कथा थोडक्यांत अशी. १९६० नंतरच्या दशकांत दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें अशाच संस्था निघाल्या. त्या अन्नखात्याच्या छायेखालीं होत्या. १९८२ च्या सुमारास हें शिक्षण पर्यटनखात्याकडे गेलें व त्याच्या नियमनासाठीं राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. १९८३ मध्यें पर्यटन व प्रवास-व्यवस्थापनाची भारतीय संस्था निघाली. पदविकेची पदवी होण्यास मात्र एकविसावें शतक लागलें. ती प्रथम इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या व पुढें जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या मार्फत मिळूं लागली. खातें बदललें तेव्हां पाहुणाहि बदलला. अन्नखात्याचा पाहुणा भुकेला नागरिक होता. पर्यटनखात्याचा पाहुणा परकीय चलन आणणारा प्रवासी होय.

या सर्वांवरून आमचा निष्कर्ष असा. कॉर्नेल व मुंबई या दोन ठिकाणांत हजारों मैलांचें व बत्तीस वर्षांचें अंतर आहे, आणि एकानें दुसऱ्याचें अनुकरण केल्याचा पुरावा आमच्यापुढें नाहीं. तरी दोहोंकडे आतिथ्यविद्येस पहिला आसरा मिळाला तो अन्न व पोषण यांचें कार्य करणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेंत. हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. ज्यांनीं हातांच्या कामास विद्येची प्रतिष्ठा आधीं मिळवून दिली होती, त्यांच्याच घरीं तें काम शिकविणारास जागा मिळाली.

हा वाद केवळ मानपानाचा नाहीं. जी विद्या आपलें मूळ विसरते ती आपला हेतुहि विसरते. इस्पितळांतील रोगी, वसतिगृहांतील विद्यार्थी व कारखान्यांतील कामकरी हेहि पाहुणेच आहेत, आणि त्यांचें ताट नीट वाढणें हेंहि या विद्येचें कर्तव्य होय, असें मुंबईच्या संस्थेच्या नांवांतील तें तिसरें पद सांगत आहे. अन्नपूर्णा उपाहारगृहांचे हिशेब, जुने अभ्यासक्रम व परिषदेचीं इतिवृत्तें जेथें कोठें शिल्लक असतील तेथून तीं मिळवून जपून ठेवावीं, अशी आमची अभ्यासकांस विनंती आहे. राजांच्या मुदपाकखान्याचे कागद आपण जपले. लोकांच्या स्वयंपाकघराचे कागद वाळवीच्या स्वाधीन होऊं नयेत.