संशोधनपत्रिकेचे दत्तकविधान

एखादे विद्वत्तापूर्ण नियतकालिक चाळीस-पन्नास वर्षे चालते. त्याचे संपादक वृद्ध होतात, वर्गणीदारांची यादी आखूड होत जाते, छापखान्याची बाकी वाढत जाते, आणि मग एके दिवशी एखाद्या विद्वत्सभेपुढे प्रश्न येऊन उभा राहतो की, हे नियतकालिक सभेने चालवावयास घ्यावे काय? ही सूचना सभासदांना प्रथमदर्शनी मोठ्या मानाची वाटते. ठराव मांडला जातो, त्यास अनुमोदन मिळते आणि टाळ्यांच्या गजरात तो संमत होतो. परंतु ज्या घरी दत्तकविधान झालेले असते त्या घरच्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. विधीचा सोहळा एका दिवसाचा असतो. त्यानंतरचा सांभाळ मात्र जन्माचा असतो. मुलाला आपले नाव देणे सोपे. त्याच्या अन्नवस्त्राचा, विद्येचा आणि आजारपणाचा भार वाहणे कठीण. नियतकालिकाच्या बाबतीतही हा न्याय तंतोतंत लागू पडतो.

हा प्रश्न मोठ्या शहरांतील सभागृहांचाच आहे असा पुष्कळांचा समज असतो. पण त्याचे उत्तर शोधू गेल्यास वाट रायगड जिल्ह्यातून, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातून जाते. पेण तालुक्यातील वरसई या लहानशा गावाने महाराष्ट्राला दोन पुरुष दिले: एक विष्णुभट गोडसे आणि दुसरे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. कुंडलिकेच्या काठच्या रोह्याने चिंतामणराव देशमुखांचे बालपण पाहिले. या तिघांचे व्यवसाय भिन्न, काळही काहीसे भिन्न. तथापि विद्येचे धन एका माणसाच्या हाती राहिले तर त्याचे काय होते, आणि संस्थेच्या हाती गेले तर काय होते, हे या तिघांशी निगडित असलेल्या हकीकतींतून स्वच्छ दिसते.

राजवाडे यांचा जन्म १८६३ चा. त्यांनी तारुण्यात ‘भाषांतर’ नावाचे मासिक स्वतःच्या हिमतीवर चालविले. परदेशांतील थोर ग्रंथ मराठीत आणावेत हा त्याचा हेतू होता. ते मासिक अल्पायुषी ठरले. पुढे वाई येथे त्यांस पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे हाती लागली आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये बाहेर पडला, आणि पुढे त्या मालेचे एकंदर बावीस खंड झाले. हे सर्व खंड एका ठिकाणी, एका प्रकाशकाने छापिले असे मात्र घडले नाही. जेथे छापावयास जागा मिळेल तेथे राजवाडे आपले कागद देत. कोल्हापूरच्या प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाले’ने त्यातील काही भाग आपल्या अंगावर घेतला. पुढे १९०८ मध्ये विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकातील एका लेखावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना कारावास भोगावा लागला. ज्या मासिकाचा सर्व भार एका संपादकावर, त्याची वाटचाल संपादक तुरुंगात गेल्यावर कशी चालणार?

त्या पिढीतील बहुतेक ऐतिहासिक नियतकालिकांची कहाणी याच वळणाची आहे. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या साहाय्याने १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला. बखरी, पत्रे, यादी आणि जुनी काव्ये यांचे भांडार त्यामुळे प्रथमच सामान्य वाचकास खुले झाले. दहा-अकरा वर्षांत तो बंद पडला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आधी ‘भारतवर्ष’ आणि नंतर १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ चालविला. तोही १९१६ च्या पुढे गेला नाही. ही मासिके चालविणाऱ्यांच्या विद्वत्तेत उणेपणा नव्हता, आणि चिकाटीतही नव्हता. उणीव होती ती मागे उभ्या राहणाऱ्या माणसांची.

असे एक मासिक काढावयास काय लागते याची कल्पना वाचकास क्वचितच असते. मोडी पत्र प्रथम वाचावे लागते. वाचून बाळबोध अक्षरात उतरावे लागते, आणि उतरलेली प्रत मुळाशी ताडून पाहावी लागते. पुष्कळ पत्रांवर तिथी किंवा चंद्र असतो, पण साल नसते. ते आतल्या मजकुरावरून, स्वाऱ्यांच्या हालचालींवरून, कोणाच्या जन्ममृत्यूच्या उल्लेखावरून ठरवावे लागते. शुहूर सन आला तर त्याचा शक आणि इसवी सन यांशी मेळ बसवावा लागतो. इतके झाले म्हणजे छापखान्याची मुद्रिते तपासणे आले, कागदाचा भाव आला, टपालहशील आले, आणि थकलेल्या वर्गणीबद्दलची स्मरणपत्रे आली. हे सारे काम एका माणसाने दिवसाची नोकरी सांभाळून रात्री दिव्यापाशी बसून करावयाचे. मग त्याचे डोळे अधू झाले, किंवा घरी आजारपण आले, की अंक निघत नाही. आणि दोन अंक चुकले की वर्गणीदार तिसऱ्याची वाट पाहत नाही.

ही अडचण राजवाड्यांनी स्वतः भोगली होती. पुण्यात ७ जुलै १९१० रोजी त्यांनी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, त्यामागे हा अनुभव नव्हता असे म्हणवत नाही. मंडळाने कोणाचे चालते नियतकालिक घेतले नाही. सभासदांनी निबंध वाचावे, त्यांवर चर्चा व्हावी आणि मग ते मंडळाच्या वृत्तांतांत छापावे, असा क्रम पडला. आणि तो क्रम अंगवळणी पडल्यावर १९२० मध्ये मंडळाचे त्रैमासिक जन्मास आले. लेखक, वाचक, परीक्षक आणि कागदपत्रांचे दप्तर ही आधी तयार झाली. नियतकालिक मागाहून आले. पुढे मतभेद होऊन राजवाडे स्वतः मंडळापासून दूर गेले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचा अंत झाला. संस्थापक गेला म्हणून मंडळ थांबले नाही, आणि त्रैमासिकही थांबले नाही. संस्थेच्या सामर्थ्याची याहून कडक कसोटी कोणती असू शकेल? तिकडे धुळ्यास भास्कर वामन भट यांनी १९२७ मध्ये राजवाड्यांच्या नावाने संशोधनसंस्था उभी केली, त्यांचे कागदपत्र सांभाळले, आणि त्या संस्थेचेही ‘संशोधक’ हे नियतकालिक पुढे निघू लागले. जन्मभर एकट्याने झगडलेल्या पुरुषाचे दप्तर अखेर संस्थेच्याच छपराखाली सुरक्षित राहिले.

चालते नियतकालिक सभेने हाती घेतल्याचे उदाहरण पाहावयाचे, तर मुंबईत जन्मलेल्या ‘इंडियन अँटिक्वरी’कडे वळावे लागते. पुराणवस्तुसंशोधक जेम्स बर्जेस यांनी ते १८७२ मध्ये सुरू केले. शिलालेख व ताम्रपट यांचे ठसे इतक्या काळजीने छापणारे दुसरे नियतकालिक त्या काळी हिंदुस्थानात नव्हते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्रिंबक तेलंग यांसारख्या आपल्या पंडितांचे लेख युरोपीय विद्वानांच्या लेखांशेजारी त्यात येत. लेखकांस मोबदला नव्हता, संपादकासही नव्हता. उलट प्रसंगी संपादकाने पदरचे पैसे घालावयाचे. नजर मंदावल्यामुळे बर्जेस यांनी १८८४ अखेर काम सोडले, आणि फ्लीट व रिचर्ड टेंपल यांनी ते उचलले. पुढे तो भार मुख्यतः टेंपल यांच्यावर राहिला. अखेर १९२५ पासून लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या कार्यकारी मंडळाच्या अधिकाराने ते प्रसिद्ध होऊ लागले. संपादकांत मात्र टेंपल हेच प्रमुख राहिले. १९३१ मध्ये ते वारले, आणि १९३३ मध्ये एकसष्ट वर्षांचे ते नियतकालिक बंद झाले. तो जगभरच्या मंदीचा काळ होता हे खरे. तरी मुखपृष्ठावर संस्थेचे नाव येऊनही नियतकालिकाचा प्राण एका वृद्ध पुरुषाच्या देहातच राहिला होता, ही गोष्ट त्यामुळे झाकत नाही.

याच्या अगदी उलट प्रकार त्याच घरात घडला. ‘एपिग्राफिया इंडिका’ हे शिलालेखांना वाहिलेले प्रकाशन १८९२ पासून १९२० पर्यंत ‘इंडियन अँटिक्वरी’ची पुरवणी म्हणून निघे. त्यामागे सरकारचे पुरातत्त्वखाते होते. खात्यात शिलालेख वाचणारे पगारी विद्वान होते, आणि एक निवृत्त झाला की दुसरा त्याच्या जागी येई. मूळ नियतकालिक मिटले, पण पुरवणी त्यानंतरही कित्येक दशके जगली. पुढे १९३८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे आणि परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘न्यू इंडियन अँटिक्वरी’ काढले. ते १९४७ पर्यंत चालले. १९६४ मध्ये जुने नाव पुन्हा एकदा धारण केले गेले आणि १९७१ मध्ये तेही मावळले. नाव तीनदा उभे राहिले. वंश मात्र स्थिर झाला नाही.

आता रोह्याकडे पाहावे. चिंतामणराव देशमुखांची कीर्ती रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री म्हणून आहे. १९४५ ते १९६४ या काळात ते कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते, ही गोष्ट तितकीशी लोकांच्या ध्यानी नसते. या संस्थेचे ‘संख्या’ हे नियतकालिक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३३ मध्ये, म्हणजे ‘इंडियन अँटिक्वरी’ मिटले त्याच वर्षी सुरू केले. महालनोबिस १९७२ मध्ये निवर्तले, तोवर संपादनाची धुरा त्यांच्याकडेच होती. म्हणजे एकहाती संपादन येथेही होतेच. परंतु संपादकाच्या मागे संस्था होती, शिष्यपरंपरा होती, आणि १९५९ च्या कायद्याने त्या संस्थेस राष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मिळाले तेव्हा अध्यक्षपदी रोह्याचे देशमुख होते. संपादक गेला, नियतकालिक राहिले. ते आजही निघते.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेणे अवश्य आहे. संस्थेच्या हाती गेलेले नियतकालिक सुरक्षित राहते, पण ते मिळमिळीत होते, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. राजवाड्यांच्या खंडांच्या प्रस्तावना आठवाव्या. त्यांतील खणखणीत मते, प्रतिपक्षावरील घाव आणि निःशंक अनुमाने एखाद्या समितीपुढे गेली असती तर त्यांतील किती वाक्ये जशीच्या तशी उरली असती? समितीस सर्वांचे मन राखावे लागते. एकट्या संपादकास फक्त सत्याचे, निदान त्याला सत्य वाटते त्याचे. सभांचे वृत्तांत, देणग्यांच्या याद्या आणि सत्कारांची भाषणे यांनी भरलेले मुखपत्र म्हणजे संशोधनपत्रिका नव्हे. म्हणून सभेने खर्चाची जबाबदारी घ्यावी, परंतु लेखाच्या निवडीत संपादकाचा हात धरू नये, हीच तोड योग्य ठरते.

दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती वरसईच्या विष्णुभट गोडश्यांकडून शिकण्यासारखी आहे. घरचे कर्ज फेडावे म्हणून दक्षिणेच्या आशेने हे भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेस गेले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. दत्तक नामंजूर झाल्यामुळे जिचे राज्य गेले त्या झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी १८८३ मध्ये आपली हकीकत लिहिली, आणि १९०७ मध्ये वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने छापिली. मात्र भाषेत व मजकुरात फेरफार करून. सुदैवाने मूळ मोडी हस्तलिखित त्यांनी १९२२ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. म्हणूनच दत्तो वामन पोतदार यांस १९६६ मध्ये मूळ पाठ जसाच्या तसा प्रसिद्ध करता आला. ते बाड कोणा एकाच्या घरी माळ्यावर पडले असते, तर गोडसे भटजींचा अस्सल आवाज महाराष्ट्राने कधी ऐकलाच नसता. नियतकालिक हाती घेणाऱ्या सभेने छापील अंकांबरोबर त्यामागचे दप्तरही मागून घ्यावे ते याचसाठी.

सारांश, असा प्रस्ताव पुढे आला असता सभेने स्वतःस काही साधे प्रश्न विचारावे. आजचा संपादक उद्या उठून गेला तर त्याच्या जागी बसणारे दोन तरुण तयार आहेत काय? छापखान्याची बाकी कोणी फेडावयाची? वर्गणी आली नाही तरी वर्षाचे चार अंक निघतील एवढी शिल्लक आहे काय? जुने अंक, मूळ कागद आणि पत्रव्यवहार कोठे राहणार? आणि सभेच्याच एखाद्या थोर सभासदाच्या मताचे खंडन करणारा लेख आला, तर तो छापला जाईल काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर ठराव अवश्य संमत करावा. नसतील तर आधी ती माणसे तयार करावी.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत साचे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. साचा कोणासही उचलून नेता येतो, त्यात माती दाबून मूर्तीही काढता येते. पण मूर्तीचे डोळे साच्यातून येत नाहीत. ते हाताने रेखावे लागतात, आणि तो हात घडविण्यास वर्षे लागतात. नियतकालिकाचे नाव हा साचा होय. सभेने तो खुशाल घ्यावा; परंतु डोळे रेखणारा हात आपल्या घरी आहे की नाही, हे पाहूनच घ्यावा.